ऑफेन्स बदला म्हणणं सोपं आहे, पण पोरं कुठून आणणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता. मुलगी मॅडिसनला विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत शिकतेय, तिच्यामुळे तुम्ही दोघंही शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल बघायला लागलात, आणि तिकडे सगळ्यांचं एकाच गोष्टीवर भांडण चाललंय की २०२३ ला टीमने खेळायची पद्धत बदलली ती चूक होती का आणि परत जुन्यावर जावं का. ऑफेन्स, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना खेळायची पद्धत, बदलतात म्हणजे नक्की काय बदलतं, फॅन्सचं बरोबर की कोचचं, आणि स्टेडियममध्ये गेलो तर काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा कोल्हापूरचा. अटलांटाजवळ राहतो आणि नोकरी सांभाळून १९ वर्षं इथल्या एका हायस्कूल टीमच्या ऑफेन्सिव्ह लाइनला शिकवतोय, म्हणजे क्वार्टरबॅक, जो पास टाकतो आणि खेळ चालवतो, त्याच्या पुढे जी पाच धिप्पाड पोरं उभी असतात ना, ती माझ्याकडे. लहानपणी तालमीत गेलेलो, इथे लाइन कोचला कुस्ती केलेला माणूस दिसला की लगेच जवळचा वाटतो, तसा मी यात ओढला गेलो आणि मग सुटलंच नाही. त्यामुळे जे सांगतोय ते त्या पाच जणांच्या जागेवरून बघून सांगतोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फॅन्सची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण त्यांना वाटतं ऑफेन्स म्हणजे वही आहे, जुनी वही टाका नवी आणा. तसं नसतं हो. ऑफेन्स म्हणजे माणसं. कुठल्या अंगाची, कुठल्या सवयीची, कुठल्या गावची पोरं तुम्ही गेली चार वर्षं गोळा केलीत, ते म्हणजे ऑफेन्स. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता विस्कॉन्सिनचं बघा. १९९० ला बॅरी अल्वारेझ तिथे कोच म्हणून आले, पहिल्या वर्षी ११ पैकी फक्त १ मॅच जिंकले. पण त्यांना एक गोष्ट बरोबर दिसली होती, की या राज्यात फ्लोरिडा-टेक्सससारखे वाऱ्यासारखे पळणारे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पिकत नाहीत, पण साडेसहा फुटी आडदांड पोरं गावोगाव आहेत, काही तर स्कॉलरशिप नसतानाही टीममध्ये यायला तयार. मग त्यांनी त्यावरच सगळं उभं केलं, मोठी लाइन, मागे फुलबॅक (धावणाऱ्याला वाट करून देणारा), आणि बॉल घेऊन सरळ समोरच्याच्या छातीवर. १९९३ च्या सीझनला रोझ बोल ही मानाची मॅच जिंकली. १९९९ ला रॉन डेनला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. २०१४ ला मेल्विन गॉर्डन नेब्रास्काविरुद्ध एका मॅचमध्ये ४०८ यार्ड पळाला आणि चौथ्या क्वार्टरला तर तो मैदानात आलाच नाही, एवढं झालेलं. लाइनमधला जो थॉमस तिथलाच, विस्कॉन्सिनमध्येच वाढलेला, आणि आज व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. म्हणजे ही नुसती पद्धत नव्हती, त्या मातीतून उगवलेलं पीक होतं ते.

मग बदलली कशाला? कारण नंतर नंतर ते नीट चालेना. ऑक्टोबर २०२२ मध्ये हेड कोच पॉल क्रिस्टना काढलं, ल्यूक फिकेल आले, त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाहून फिल लाँगोला ऑफेन्स चालवायला आणलं आणि एअर रेड, म्हणजे सतत पास टाकायची पद्धत, येणार म्हणून लोक इतके खूश झाले की दुधाच्या राज्याचं एअर रेड म्हणून त्याला ‘डेअरी रेड’ नाव पण देऊन टाकलं. हे विसरू नका, कारण आता सगळे म्हणतात की आम्हाला आधीच माहीत होतं! तेव्हा कोणी तसं म्हणत नव्हतं, बहुतेकांना तो बदल हवाच होता. २०२३ ला ७ जिंकल्या ६ हरल्या, २०२४ ला नोव्हेंबरमध्ये ओरेगॉनकडून १६-१३ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी लाँगोला काढलं, सीझन ५-७ वर संपला आणि सलग २२ सीझन बोल गेम, म्हणजे सीझननंतर चांगल्या टीमना मिळणारी मॅच, खेळायची परंपरा तुटली. यात नशीबही वाईट होतं हे मान्य करायला हवं, २०२३ ला क्वार्टरबॅक मॉर्डेकायचा हात मोडला, २०२४ ला व्हॅन डाइकचा गुडघा गेला, क्वार्टरबॅकवर उभ्या असलेल्या ऑफेन्समध्ये क्वार्टरबॅकच गेला तर उरतं काय.

आता ‘नक्की काय बदलतं’ याकडे येतो, कारण हे टीव्हीवर दिसत नाही.

जुन्या पद्धतीत लाइनचा पोरगा एक हात जमिनीला टेकवून बसतो आणि सगळं वजन त्या हातावर, पुढे. इतकं पुढे की मी सरावात कधी कधी त्याचा टेकलेला हात पटकन बाजूला ओढतो, तो तोंडावर पडला तर पवित्रा बरोबर. बोटांची टोकं पांढरी पडलेली असतात आणि नखात गवत. त्याला एकच काम, स्नॅप झाला, म्हणजे मधल्या पोराने बॉल मागे दिला, की पुढे उसळायचं, समोरच्याच्या खाली घुसायचं आणि त्याला मागे रेटत न्यायचं. आपल्याकडे पट काढायला पैलवान जसा खाली घुसतो तसंच अगदी. पासिंगच्या ऑफेन्समध्ये याच पोराला सांगायचं की आता उभा राहा, हात वर, वजन मागे, आणि स्नॅप झाला की मागे मागे सरक, समोरचा तुझ्यावर धावून येईल, तू त्याला अडव पण पुढे जाऊ नकोस. म्हणजे दहा वर्षं ज्याला ‘मार’ शिकवलं त्याला ‘थांब’ शिकवायचं! अंगात मुरलेली गोष्ट उलटी करायची असते ती, आणि ज्याचं वजन पुढे झुकायच्या सवयीचं आहे तो चपळ डिफेन्सवाल्यापुढे हमखास चकतो.

आमच्याच हायस्कूलमध्ये हे एकदा झालं. आमची विंग-टी होती, सगळी रनिंग, आईबाप दोन-तीन वर्षं मागे लागलेले की हे जुनाट झालं, आमच्या पोरांना कॉलेजवाले बघत नाहीत, स्प्रेड, म्हणजे पसरून पास खेळायची पद्धत, आणा. हेड कोचने आणली. आमचा सेंटर, म्हणजे स्नॅप देणारा मधला पोरगा, होता सतरा वर्षांचा, जाडजूड, जुन्या पद्धतीत जिल्ह्यात त्याच्यासारखा कोणी नसेल, क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देऊन पुढच्या क्षणाला समोरच्यावर. आता शॉटगन आली, म्हणजे क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे, बॉल पायांमधून मागे फेकायचा आणि तेवढ्यात समोरच्यालाही धरायचं. पहिल्याच मॅचला पाऊस होता, चार स्नॅप डोक्यावरून गेले, दोनदा समोरच्या टीमने बॉल उचलला आणि मॅच तिथेच गेली. मागे बसलेले लोक त्या पोराच्या नावाने ओरडत होते. त्यानंतर तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, भिंतीशी कचऱ्याचा डबा उभा करायचा आणि त्याच्यावर शंभर स्नॅप मारायचा, मी डबा उचलून परत जागेवर ठेवायचो. ऑक्टोबर संपेपर्यंत जमलं त्याला. पण तोपर्यंत सीझन गेला आणि ते त्याचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं. मला आजही वाईट वाटतं, त्याचं काहीही चुकलं नव्हतं, त्याच्या पायाखालची जमीन आम्ही मोठ्यांनी बदलली होती. कोणी म्हणालं ना की एक वर्ष सहन करायला काय जातं, मला तो पोरगा आठवतो, ते एक वर्ष कुणाचं तरी शेवटचं असतं.

आता मोठी उदाहरणं. सगळ्यात जास्त बोलतात ते नेब्रास्काबद्दल आणि ते बरोबरच आहे. टॉम ऑस्बोर्न तिथे १९७३ ते १९९७ होते, २५५ मॅच जिंकले आणि ४९ हरले, ऑप्शन (बॉल स्वतः न्यायचा की दुसऱ्याला द्यायचा ते क्वार्टरबॅकने आयत्या वेळी ठरवायचं) खेळून १९९४, १९९५, १९९७ असे तीन राष्ट्रीय किताब. त्यानंतर फ्रँक सोलिच, तेही ऑप्शनवाले, एरिक क्राउचने २००१ ला हाइझमन जिंकला. पण २००२ ला ७-७ झाले आणि कुजबुज सुरू झाली की जग पुढे गेलं, आपण मागे राहिलो. २००३ ला ९ मॅच जिंकूनही सोलिचना काढलं आणि बिल कॅलहनना आणलं, ते व्यावसायिक फुटबॉलमधून आलेले, ओकलंड रेडर्सचे, वेस्ट कोस्ट ऑफेन्सवाले. आता विचार करा, ऑप्शनसाठी निवडलेली पोरं आणि त्यांच्याकडून मोजूनमापून छोटे छोटे पास खेळून घ्यायचे. २००४ ला टेक्सास टेककडून ७०-१० हरले, सीझन ५-६, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा सीझन, आणि ३५ वर्षांची बोलची मालिका तुटली. २००७ ला तर कॅन्ससने ७६ पॉइंट मारले यांच्यावर. कॅलहन माणूस अडाणी नव्हते, नेब्रास्काला येण्याआधी रेडर्सना सुपर बोलला नेलेलं. त्यांनी नंतर ज्युनिअर कॉलेजमधून, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून, क्वार्टरबॅक झॅक टेलरला आणलं तेव्हा २००५ आणि २००६ ला ऑफेन्स बरा चाललाही, म्हणजे माणूस मिळाला तेव्हा पद्धत चालली. पण नेब्रास्काच्या लिंकनमध्ये १९६२ पासून एकेक मॅच हाउसफुल्ल करणाऱ्या लोकांना काय तोडलं गेलं ते कळत होतं, आणि त्या वेळी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून पोरं आणायची सोय, नव्हतं, बदललं की चार वर्षं वाट बघण्याशिवाय इलाज नाही.

याच्या उलट ओक्लाहोमा. बॅरी स्विट्झरच्या काळात तिथे विशबोन (ऑप्शनचाच एक प्रकार) म्हणजे सगळं काही होतं. पण १९९६ ते १९९८ या तीन सीझनमध्ये १२ जिंकल्या आणि २२ हरल्या, लोक इतके खचलेले की १९९९ ला हेड कोच बॉब स्टूप्सनी माइक लीचला ऑफेन्स चालवायला आणलं आणि थेट एअर रेड सुरू केलं तरी कोणी आडवं आलं नाही. आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? ज्युनिअर कॉलेज खेळलेला जॉश हायपल हा क्वार्टरबॅक आणला, जो ती पद्धत चालवू शकत होता. लीच एकाच वर्षात टेक्सास टेकला गेले (नेब्रास्काला ७०-१० हरवणारी टीम त्यांचीच), पण २००० ला ओक्लाहोमा १३-० आणि राष्ट्रीय विजेते. माझ्या मते इथे दोन गोष्टी जुळल्या, गमवायला काही शिल्लक नव्हतं आणि योग्य पोरगा पहिल्याच दिवशी हातात होता. नेब्रास्काने ९ मॅच जिंकणारं घर पाडलं, ओक्लाहोमाने पडक्या जागेवर बांधलं. म्हणून मी फॅन्सना नेहमी विचारतो, तुम्ही आत्ता कुठल्या जागेवर उभे आहात?

जॉर्जिया टेक माझ्या घरापासून जवळ, मराठी मुलं पण तिथे बरीच शिकतात, त्यामुळे हे मी डोळ्यांनी बघितलं. पॉल जॉन्सन २००८ ते २०१८ तिथे ट्रिपल ऑप्शन खेळायचे. त्यात गंमत अशी की समोरच्या एका माणसाला मुद्दाम कोणी अडवतच नाही, क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतो, तो आत आला तर बॉल बाहेर, बाहेर गेला तर बॉल आत. त्यामुळे लाइन हलकी असली तरी चालते, आर्मी, नेव्ही, एअर फोर्स वर्षानुवर्षं हेच खेळत आले ते याचसाठी, त्यांच्याकडे १४०-१५० किलोची पोरं येत नाहीत. २०१४ च्या सीझनला याच ऑफेन्सने ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटला ४९-३४ हरवलं. तरी फॅन्समध्ये कायम कुरकुर, की चांगले रिसीव्हर इथे येणारच नाहीत, मागे पडलो की परत येता येत नाही. दुसरं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. पहिलं अर्धवट खरं, रिसीव्हर डेमेरियस थॉमस याच ऑप्शनमधून २०१० ला व्यावसायिक टीमच्या निवडीत पहिल्या फेरीत ब्रॉन्कोजकडे गेला की!

जॉन्सन निवृत्त झाले, जेफ कॉलिन्स आले, आता आधुनिक ऑफेन्स म्हणून सगळे खूश. पण त्या टीममध्ये टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) ही जागाच नव्हती, कारण ऑप्शनला ती लागत नाही. लाइनची पोरं हलकी, पायाशी झेपावून पाडायला शिकलेली, आणि त्यांना आता मागे सरकत पास सांभाळायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये द सिटाडेल नावाच्या छोट्या मिलिटरी कॉलेजने त्यांना अटलांटात येऊन २७-२४ हरवलं, आणि सिटाडेल काय खेळत होतं, तर ट्रिपल ऑप्शनच. माझ्या शेजारी टेकचे एक जुने फॅन बसले होते, सत्तरीचे असतील, अकरा वर्षं ऑप्शनला नावं ठेवलेली त्यांनी, आणि त्या दिवशी ओव्हरटाइम संपल्यावर ते बराच वेळ उठलेच नाहीत. कॉलिन्सचे पहिले तीन सीझन तीन-तीन विजयांवर संपले.

तर मग कधीच बदलू नये का? असं मी म्हणत नाही. लुइझियानाची युनिव्हर्सिटी एलएसयू बघा. २०१८ ला क्वार्टरबॅक जो बरोने १६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, २०१९ ला ६०! सेंट्स या व्यावसायिक टीमकडून कोच जो ब्रेडी आले, पाच-पाच जण पासला बाहेर जायला लागले, टीम १५-० आणि फायनलमध्ये क्लेमसनला ४२-२५. लुइझियानाचे लोक कितीतरी वर्षं ओरडत होते की ऑफेन्स बदला, त्यांचं शंभर टक्के बरोबर ठरलं. पण बरो, जमार चेस, जस्टिन जेफरसन हे तिघंही २०१८ ला टीममध्ये होतेच, पाणी आडात भरपूर होतं, पोहरा बदलायचा बाकी होता फक्त. जुने कोऑर्डिनेटर (ऑफेन्स चालवणारे कोच) एन्समिंगरनाही काढलं नाही, दोघांनी मिळून चालवलं. फॅन्स आणि कोच दोघंही बरोबर असतात तेव्हा असं होतं.

अजून एक गोष्ट, जी फॅन्स जवळजवळ कधीच बोलत नाहीत. तुमचा डिफेन्स रोज सरावाला कोणासमोर उभा राहतो? तुमच्याच ऑफेन्ससमोर. रोज मोठ्या लाइनचे तडाखे खाणारा डिफेन्स घट्ट होतो. ऑफेन्सने पसरून पास खेळायला सुरुवात केली की डिफेन्सची ती सवय जाते, वरून तीन पास चुकले की अर्ध्या मिनिटात बॉल परत समोरच्याकडे आणि डिफेन्सची दमलेली पोरं पुन्हा मैदानात. मिशिगनला कोच रिच रॉड्रिग्ज स्प्रेड घेऊन २००८ ला आले, पहिल्या वर्षी ३-९, आणि २०१० पर्यंत डेनार्ड रॉबिन्सनमुळे ऑफेन्स बहरला पण डिफेन्स पार कोलमडला, इलिनॉयविरुद्ध जिंकले ते ६७-६५ असे, तीन ओव्हरटाइम करून. सगळा दोष ऑफेन्सचा नव्हता, पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. विस्कॉन्सिनच्या जुन्या लोकांना जे चुकल्यासारखं वाटतंय त्यात हे पण आहे, फक्त ते या शब्दांत सांगत नाहीत.

फॅन्स कंटाळतात हे मी मनापासून समजू शकतो. शेजारच्या आयोवामध्ये २०२३ ला ऑफेन्स कोऑर्डिनेटरच्या करारातच लिहिलं होतं की मॅचमागे सरासरी २५ पॉइंट झाले पाहिजेत, झाले १५ च्या आसपास, आणि तरी टीम १० मॅच जिंकली. तिथे ऑस्ट्रेलियातून आलेला पंटर (ऑफेन्स अडला की बॉल लांब लाथाडणारा) टोरी टेलर हा लोकांचा हिरो झाला, पंट झाला की स्टेडियम उठून टाळ्या वाजवायचं. मग मोठ्या मॅचेसना काय झालं, मिशिगनकडून २६-०, टेनेसीकडून ३५-०. म्हणजे जिंकत असलात तरी एका उंचीच्या वर जाता येत नाही असं फॅन्स म्हणत होते ते खरंच होतं, आणि ते म्हणणाऱ्याला ‘तुम्हाला खेळ कळत नाही’ असं सांगणं चूक आहे.

आपल्याकडे मातीवरची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती हा वाद किती वर्षं चालला. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं. अंग मातीतच घडलेलं होतं, त्याच्यावर नवीन पवित्रा चढवला. विस्कॉन्सिनने असंच काहीतरी करायला हवं होतं असं मला वाटतं, मोठी लाइन आणि सरळ धावणं ठेवून त्याच्यावर पास चढवायचा. फुलबॅक वगैरे एका झटक्यात बाजूला टाकायची गरज नव्हती. लाँगोनंतर त्यांनी कॅन्ससहून जेफ ग्राइम्सना आणलं, ते स्वतः लाइनचे कोच होते आणि रनिंगला धरून चालणारे. पण तोवर दोन वर्षं पोरं दुसऱ्या खेळासाठी निवडली गेली होती, म्हणजे परत जाणं हाही एक बदलच आहे आणि त्यालाही तेवढीच किंमत पडते. ‘जुनं परत आणा’ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

पोर्टलने थोडं सोपं केलंय हे खरं. २०२१ पासून पोरांना एक वर्ष न बसता दुसऱ्या कॉलेजात खेळता येतं, इंडियाना २०२३ ला ३-९ होते, नवे कोच सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून स्वतःची बरीच पोरं सोबत आणली आणि २०२४ ला ११-२. पण नीट बघा, त्यांनी पद्धत आणि ती खेळणारी पोरं एकत्र आणली. नुसता कोऑर्डिनेटर आणला असता तर हे झालं नसतं.

आता तुम्ही कॅम्प रँडलला, म्हणजे विस्कॉन्सिनच्या स्टेडियमला, जाल तेव्हा. तिसरा क्वार्टर संपल्यावर सगळं स्टेडियम उड्या मारतं, त्यात मुलीबरोबर तुम्ही पण मारा. पण खेळ चालू असताना पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघू नका, अवघड जातं पण जमतं. त्या पाच जणांकडे बघा. किती जणांचा हात जमिनीला आहे, स्नॅप झाल्यावर त्यांचं पहिलं पाऊल पुढे पडतंय की मागे. तिसरा डाउन (दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला तिसरा) आणि दोन यार्ड हवे असतील तेव्हा ते पाचही जण एकाच क्षणाला खाली वाकून पुढे घुसले, तर पोरांच्या अंगात काय आहे ते तुम्हाला कळेल. आणि एखादा अर्धा क्षण थबकलेला दिसला, मान किंचित वर, पुढे जाऊ की थांबू असा, तर समजा त्याला दोन वर्षांत दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्यात. त्याच्यावर ओरडू नका एवढंच, बाकी कोचला काय म्हणायचं ते म्हणा.